पाणी प्यालेला सभासद

सोमवार, ४ मार्च

"तुझ्या त्या कागदावर मला किती मार्क पडतील गं?"

बाबांनी जेवताना विचारलं. कागद माझा, मार्क मी ठरवलेले, बेरीज मला येते — तरी तोंडातून आकडा निघेना. म्हटलं, आधी जेवा.

झालं असं. तीन नंबरच्या बाईंच्या सिंकखाली बाबा उताणे पडून पाइप आवळत होते. बाई वरून म्हणाल्या, "मिस्त्री, मी महिनाअखेर बहिणीकडे कायमची चाललेय. हे घर तुम्हीच घ्या. ह्या नळांची नाटकं तुमच्याशिवाय कोणाला कळायची नाहीत." बाबांनी उठताना डोकं आपटून घेतलं. हे एवढं टेंगूळ! ते टेंगूळ घेऊन घरभर हसत फिरताहेत. घरभर म्हणजे चार पावलं.

बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. सगळ्या सोसायटीत बाबांना 'अहो' म्हणणाऱ्या त्या एकट्या.

पैशांचं जमतंय. बाबांची बावीस वर्षांची साठवण, दादाच्या टेम्पोची कमाई, माझा पगार, बँकेचा होकार. तो प्रश्न नाही. लोकांना वाटतं आमच्यासारख्यांचा प्रश्न नेहमी तोच असतो. प्रश्न आहे सोसायटीच्या समितीच्या ना-हरकत पत्राचा. ते मिळालं तर तळमजल्यावरचं दीड खोलीचं घर बाबांच्या नावावर होईल. नाही मिळालं तर बाईंचा पुतण्या गिऱ्हाईक घेऊन तयारच बसलाय. मुदत महिनाअखेरपर्यंत.

मंगळवार, ५ मार्च

लिहून काढते. निदान मी काय करून ठेवलंय ते मला तरी नीट कळेल.

दोन वर्षांपूर्वी मी ह्या सोसायटीच्या ऑफिसात लागले. चौसष्ट घरं, एक टेबल, एक कपाट आणि मी. मिस्त्रीची मुलगी म्हणून नाही, पदवी बघून घेतलं, असं मी सगळ्यांना सांगत असे. रोज सकाळी बाबा आणि मी घरून बरोबर निघतो आणि कोपऱ्यावर वेगळे होतो. कामगारांनी मागच्या गेटने यायचं असा नियम आहे. मी पुढच्या गेटने जाते. दोन वर्षांत त्याचं मला एकदाही वाईट वाटलं नाही. खरं लिहायचं तर छान वाटायचं.

घर विकत घेणाऱ्याने आधी समितीकडे अर्ज करायचा. जुन्या अर्जात तीन रकाने होते : आडनाव, मूळ गाव, जमात. तेवढं वाचून समितीचं ठरायचं. नकार मात्र कधी लिहायचे नाहीत. लिहायचे — 'कागदपत्रे अपुरी'. एक शिंपी चार वेळा तीच कागदपत्रं घेऊन आला. चौथ्यांदा मला म्हणाला, "ताई, अपुरं काय पडतंय ते तरी सांगा, जोड देऊन आणतो."

माझं डोकं फिरलं. तीन दिवस बसून नवा कागद केला. ते तिन्ही रकाने उडवले आणि त्यांच्या जागी मार्क घातले. शिक्षणाला पंचवीस, कायम नोकरीला वीस, सोसायटीशी ओळख किती वर्षांची त्याला वीस, कसली तक्रार नसेल तर पंधरा, आणि घरोब्याला वीस. पन्नासला पास. वाटलं, एकदा आकडे आले की तोंड बघून निर्णय व्हायचे नाहीत. समितीने टाळ्या वाजवल्या! साहेब — म्हणजे आमचे सेक्रेटरी, बाकी दोघं त्यांच्या मागे मान डोलावतात — साहेब म्हणाले, "पोरगी हुशार आहे. आता आपल्याला कोणी नावं ठेवायला नको."

मला ते कौतुक वाटलं. महिनाभर जमिनीला पाय नव्हते.

शिक्षणाला सगळ्यांत जास्त मार्क ठेवा असं कोणी सांगितलं नव्हतं. मीच ठेवले. घरातली पहिली पदवी — ती कुठेतरी मिरवायला नको का!

बुधवार, ६ मार्च

बाबांचा अर्ज भरला.

शिक्षण चौथी. शून्य.

कायम नोकरी. बावीस वर्षं रोज सकाळी सातला हजर. पण कायम केल्याचं पत्र कोणी दिलं नाही, ह्यांनी मागितलं नाही. शून्य.

ओळख वीसपैकी वीस. तक्रार एकही नाही, पंधरा. झाले पस्तीस.

उरला घरोबा. ती अट मीच लिहिली आहे, पाठ आहे मला : 'अर्जदाराच्या घरी प्रत्यक्ष गेलेला, तेथे बसलेला व निदान पाणी प्यालेला एक तरी सभासद. घर विकणारा सभासद चालणार नाही.'

का लिहिली? तर दलाल लोक ओळखीची पत्रं विकत आणायचे. मला वाटलं, पत्र विकत मिळतं, पण कोणाच्या घरी जाऊन बसणं विकत मिळत नाही. जो एखाद्याच्या घरचं पाणी प्यालाय तो त्याच्याबद्दल खोटं बोलायचा नाही. केवढी अक्कल! पदवीधर अक्कल!

बाबा चौसष्टच्या चौसष्ट घरांत गेलेत. पार न्हाणीघरापर्यंत. कोणाच्या घरात कुठे ओल आहे ते त्यांना त्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक. आणि त्या चौसष्ट घरांतलं एकही माणूस नाला ओलांडून आमच्याकडे आलेलं नाही. तो कागद करताना हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तीन दिवस बसले होते. एकदाही नाही!

आता मला एक माणूस पाहिजे. बसणारा आणि पाणी पिणारा.

शुक्रवार, ८ मार्च

दोन दिवस दारोदार आमंत्रणं देत फिरले. काय काय ऐकलं ते जसंच्या तसं :

अकरा नंबरचे काका — "अगं, येणारच होतो! पण हा गुडघा." परवाच ह्या गुडघ्याला मी बॅडमिंटन खेळताना पाहिलंय.

सत्तावीसच्या काकू — "तिकडे गाडी लावायला जागा असते का?" म्हटलं, चालत सहा मिनिटं आहे. "चालत!" पोहत या म्हटल्यासारखं तोंड केलं.

चाळीसवाल्या — "आमच्याकडेच या ना तुम्ही सगळे." कधी येऊ, विचारलं. त्यांना फोन आला. वाजला नव्हता, तरी आला.

बावन्नचे आजोबा अगदी प्रेमाने — "एवढं मनाला लावून घेऊ नका. तिकडे तुमची माणसं आहेत. इथे तुमच्याशी बोलणार कोण?" मी म्हटलं, "तुम्ही!" ते हसले. मग मीही हसले. का हसले? लाज वाटते.

एकोणीस दारं झाली. त्यांतल्या बारा दारांमागे बाबांनी बसवलेले नळ आहेत.

शनिवार, ९ मार्च

दादा म्हणतो, पत्रिकाच छाप ना — 'आमचे येथे पाणी पिण्याचा कार्यक्रम योजिला आहे. कृपया आहेर आणू नये.'

आई हसून हसून खाली बसली. मला नाही हसू आलं. मग दादा चिडला. "तुझ्यामुळेच आहे सगळं. जुना अर्ज असता तर तोंडावर नाही म्हणाले असते, विषय संपला असता. आता तुझ्या डिग्रीच्या तराजूत बाबांना तोलून नापास करताहेत. वर म्हणणार, आम्ही काय करणार, तुझ्या पोरीचेच मार्क आहेत!"

टेम्पो चालवणाऱ्या माणसाला इतकं नेमकं बोलता येतं. त्यांना ते येत नाही, असं मला कोणी शिकवलं होतं?

सोमवार, ११ मार्च

अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला.

"मूळचे कुठले गं तुम्ही?"

"इथलेच."

"नाही, म्हणजे त्याआधी?"

"त्याआधीही इथलेच. ह्या इमारतीच्या विटा आमच्या आजोबांनी वाहिल्या."

"वा! म्हणजे तसे जुनेच की." मग बोट वर करून — "मी रकाना विचारत नाहीये हां. तो तूच काढलास. सहज आपलं."

नंतर खुर्चीत मागे रेलून आपुलकीने म्हणाले, "मिस्त्री मला भावासारखा आहे. पण बघ, उद्या तो सभासद झाला आणि माझा नळ गळायला लागला. मी हाक कशी मारायची? अहो सभासद, जरा पाना घेऊन वर या? अवघडल्यासारखं नाही होणार? त्यालाच."

त्यालाच!

ह्याच साहेबांच्या स्वयंपाकघरातला नळ आज दुपारी गळायला लागला. आणि बाबा गेले. मी जिन्यात गाठलं.

"आज कशाला गेलात?"

"गळत होतं."

"गळू द्यायचं!"

"पाण्याने काय माझं घोडं मारलंय?"

वायसर बदलून, ओटा पुसून आले. ओटासुद्धा पुसला! मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलं नाही. मला साहेबांपेक्षा बाबांचा जास्त राग येतो हे इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे बोलता यायचं नाही.

गुरुवार, १४ मार्च

येणार! एकतीसच्या डॉक्टरीणबाई येणार! रविवारी सकाळी अकराला.

मी हात जोडायच्या आतच म्हणाल्या, "येईन. पण जे होईल तेच लिहून देईन. चालेल?" म्हटलं, मला तेच पाहिजे. खरंच मला तेच पाहिजे होतं. कोणाची मेहरबानी नको. एक माणूस येऊन बसेल, पाणी पिईल, जे झालं ते लिहील. मी कागद केला तो ह्याच्यासाठीच!

रविवार, १७ मार्च

आई पहाटेपासून भांडी घासत होती. घासलेलीच घासत होती. शेजारून दोन खुर्च्या आणल्या, त्यांना उशा लावल्या. दादाने दाढी केली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वरचं बटण लावून गळा आवळून घेतला.

अकराला दोन मिनिटं कमी असताना डॉक्टरीणबाई आल्या. चालत. नाक मुरडलं नाही, पदर सावरला नाही, काही नाही.

त्या आत आल्या आणि आम्ही चौघं उठून उभे राहिलो.

आणि उभेच राहिलो. बाबा भिंतीला टेकून, हात पुढे बांधून. ते लोकांच्या घरात काम सांगेपर्यंत उभे राहतात ना, अगदी तसे. स्वतःच्या घरात! आई म्हणाली, "बसा ना." त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा आधी." आई म्हणाली, "छे छे, आम्ही कसे!" दादा दाराशी. दोन रिकाम्या खुर्च्या मध्ये, आणि त्यांच्याभोवती पाच माणसं उभी. त्या हवापाण्याबद्दल बोलल्या, आईच्या गुडघ्याबद्दल विचारलं, बाबांनी त्यांच्या गिझरची चौकशी केली. बारा मिनिटं झाली.

मीही उभी होते. मी! अट लिहिणारी! मनात ओरडत होते, बस, तू बस, म्हणजे त्या बसतील. गुडघे वाकलेच नाहीत.

आणि पाणी. आईने सकाळीच दादाला पिटाळून दुकानातून सीलबंद बाटली आणवली होती. मला कोणी सांगितलं नाही. गल्लीतल्या नळाला पहिली पाच मिनिटं तांबडं पाणी येतं, नंतर स्वच्छ येतं, आम्ही जन्मभर तेच पितोय. पण — "मोठ्या बाई, त्यांना आपलं पाणी बाधलं तर?" सील दिसावं म्हणून आईने बाटली पेल्यात न ओतता तशीच ताटलीत ठेवून दिली. त्यांनी सील तोडलं, तोंड वर करून प्यायल्या, "घर छान ठेवलंय" म्हणाल्या, आणि गेल्या.

बाबा हर्षाने वेडे. "प्यायल्या! पाणी प्यायल्या!" आईने शेजारी सांगितलंसुद्धा.

मी भांडी विसळायला गेले. विसळायला एकही पेला नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

सोमवार, १८ मार्च

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आली. सुंदर अक्षर. 'अर्जदाराच्या घरी गेले. घर स्वच्छ, माणसं सभ्य. बसले नाही. बाटलीतले पाणी प्यायले.'

मी त्यांच्या दारात गेले. म्हटलं, 'बसले' एवढं लिहा. एकच शब्द.

"मी सांगितलं होतं ना, जे होईल तेच लिहीन?"

"पण तुम्ही बसायचं ना!"

"तुम्ही चौघं उभे. मी कशी बसू? मला वाटलं तुमच्याकडे तशी रीत असेल."

रीत! होय, आहे. बावीस वर्षांची रीत आहे. त्यांच्याच घरांत शिकलेली.

त्या खोटं लिहीत नाहीत म्हणूनच मी त्यांना बोलावलं. आता त्या खोटं लिहीत नाहीत म्हणून मला त्यांचा तिरस्कार वाटतो. बरोबर असलेल्या माणसाचा इतका राग यावा!

बुधवार, २० मार्च

समितीची सभा. साहेब, अध्यक्ष आणि खजिनदारबाई. टिपणं घ्यायला मी. बाबा बाहेर पायरीवर. बाहेर बाक आहे, तरी पायरीवर.

चिठ्ठी वाचली गेली. मग अर्धा तास ह्या तीन सुशिक्षित माणसांनी पाणी ह्या विषयावर चर्चा केली.

खजिनदारबाई : "बाटली दुकानातली. मग पाणी दुकानाचं झालं की नाही?"

अध्यक्ष : "हो, बरोबर."

साहेब : "पण प्यायल्या त्यांच्या घरात."

अध्यक्ष : "हो, तेही बरोबर."

खजिनदारबाई : "उद्या कोणी हॉटेलातून जेवण मागवून घरी वाढलं तर त्याला काय घरोबा म्हणायचा? आणि बसल्या तर नाहीतच!"

साहेबांनी माझा कागद उचलून माझ्यासमोर धरला. "तुझेच शब्द आहेत ना बाळ? आम्ही काय करणार?" आणि तिघंही हसले. दुष्टपणाने नाही. लाडाने हसले. घरातल्या पोराने स्वतःच्याच पायात पाय घालून पडावं, तसं.

घरोबा शून्य. एकूण पस्तीस.

मग साहेब पुढे झुकले. "तू कर ना अर्ज! मी मोजले तुझे. बासष्ट होतात. घरोब्याची गरजच नाही." मी विचारलं, बाबा? "राहतील की! मुलीकडे वडील राहिले तर कोण नाही म्हणतंय? फक्त सभासद तू, पाटी तुझ्या नावाची. आणि त्यांनी मिस्त्रीकाम बंद करायचं, निदान इथलं. सभासदाचे वडील मागच्या गेटने पाना घेऊन आलेले बरे दिसत नाहीत."

म्हणजे बाबांना घर मिळेल. फक्त ते बाबा नसायला हवेत.

उठताना म्हणाले, "इतिवृत्त लिहून ठेव. ते बाटलीचं वगैरे नको हां त्यात. उगाच कोणी वाचलं तर... 'गुण अपुरे' एवढंच लिही."

सभेचं इतिवृत्त नेहमी मीच लिहिते. कागदपत्रे अपुरी, आता गुण अपुरे! शब्द बदलला. हा माझा दोन वर्षांतला पराक्रम.

गुरुवार, २१ मार्च

घरात रण पेटलं.

बाबा खूश! "मग कर की अर्ज. नाव तुझं काय न् माझं काय. छप्पर एकच."

दादा : "बासष्ट मार्कांची मालकीणबाई! आम्ही भाडं महिन्याच्या महिन्याला द्यायचं, की आगाऊ?"

आई कधी बोलत नाही ती बोलली. "बावीस वर्षं त्यांच्या घाणीत हात घातले ह्यांनी. पाटीवर ह्यांचं नाव नसेल तर मला ती पाटीच नको."

"पाटी काय चाटायचीय? भिंत कोरडी आहे का ते बघ!"

"भिंत कोरडी ठेवली कोणी? तिचा बाप ना तुम्ही?"

"कोणाचा?"

"भिंतीचा!"

एरवी ह्यावर सगळे हसलो असतो.

मग मी बाबांना ती दुसरी अट सांगितली. सभेनंतर सांगायचं धाडस झालं नव्हतं. काम बंद करायचं. आधी त्यांना कळलंच नाही. "बंद म्हणजे? मग सकाळी सातला मी जायचं कुठे?" ते उठले, पिशवीतून पाना काढला, फडक्याने पुसायला लागले. पाना स्वच्छच होता. आईची भांडीही रविवारी स्वच्छच होती.

मी म्हटलं, मी माझ्या नावाने अर्ज करणार नाही. बाबा वर न बघता म्हणाले, "तू शिकलेली आहेस. तुझं बरोबर असेल." एवढा घाणेरडा टोमणा मला आजवर कोणी मारला नव्हता. आणि त्यांनी तो टोमणा म्हणून मारलाच नव्हता.

शुक्रवार, २२ मार्च

तीन नंबरच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पस्तीस? आमच्या शाळेत पस्तीसला पास करायचो गं."

मग गंभीर होऊन म्हणाल्या, "मला थांबता येत नाही. सामान पुढच्या शनिवारी निघतंय. शुक्रवारी बारापर्यंत पत्र आण. मी नोंदणी कचेरीत येऊन बसते. एक मिनिटही उशीर झाला तर पुतण्या ऐकायचा नाही."

रविवार, २४ मार्च

इतिवृत्ताचं पान अजून कोरं आहे.

सोमवार, २५ मार्च

टाकी सफाईच्या नोटिसा, लिफ्टची बिलं, पार्किंगच्या तक्रारी — एकवीस कागद सहीला नेले. साहेब सह्या करतात तेव्हा फोन कानाला असतो. मी पान उलटते, कोपरा दाखवते, ते सही करतात. आज मेहुण्याशी नव्या गाडीच्या रंगाबद्दल बोलत होते. अध्यक्षांना साहेबांची सही दिसली की पुरतं. खजिनदारबाई वाचते म्हणतात, पण चष्मा पर्समध्येच असतो.

दोन वर्षं मी हे बघतेय. साहेब माझ्यावर विश्वास ठेवतात, असं मी घरी अभिमानाने सांगायचे. विश्वास कसला! मी काही वेगळं लिहीन हे त्यांच्या स्वप्नातही येत नाही. मिस्त्रीने उलटा पाइप जोडला तर, असं कोणाच्या मनात येतं का?

मंगळवार, २६ मार्च

शाळेत असताना एकदा पेपर तपासताना वर्गाच्या बाईंनी मला दोन मार्क जास्त दिले होते. मी परत नेऊन दिले. वर्गात टाळ्या पडल्या. ती मुलगी आज दिवसभर माझ्या मागे मागे फिरत होती. शेवटी तिला म्हटलं, जरा बाहेर थांब.

शुक्रवार, २९ मार्च

दुपारी पावणेबाराला नोंदणी झाली. तीन नंबरचं घर बाबांच्या नावावर. त्यांनी तीन ठिकाणी सही केली, प्रत्येक वेळी श्वास रोखून.

इतिवृत्त मी मंगळवारीच लिहिलं होतं. 'सभासद अर्जदाराच्या घरी गेल्या व पाणी प्यायल्या. घरोबा वीस. एकूण पंचावन्न. मंजूर.' त्याच्याखाली ना-हरकत पत्र. बुधवारच्या गठ्ठ्यात दोन्ही घातलं, तिघांच्या सह्या झाल्या. हे खोडायचं तर त्यांना लिहून द्यावं लागेल की आम्ही न वाचता सह्या करतो आणि बाटलीतल्या पाण्याला पाणी मानत नाही. लिहू देत.

बाबा वाटेत म्हणाले, "बघ, साहेब मनाने वाईट नाहीत." उद्या आभार मानायला वर जाणार आहेत. मी अडवलं नाही.

गठ्ठ्यात सगळ्यांत खाली माझा राजीनामा होता. त्यावरही सही आहे. 'मंजूर', आणि तारीख.